निळ्या काठाचं भांडं

मी आयुष्यात एकदाच चोरी केली. तीही कुठं, तर चर्चच्या स्वयंपाकघरात, एप्रन बांधून, तोंडानं प्रभूचं गाणं गुणगुणत. आमच्या टॅलो क्रीकमध्ये मला सगळे मिस ओडेसा म्हणतात. माउंट गिलियड चर्चच्या त्या स्वयंपाकघरात मला विचारल्याशिवाय मिठाची बरणीसुद्धा हलत नाही, त्यामुळं माझ्यावर संशय घ्यायची कुणाची छाती झाली नाही. आज मीच आपणहून लिहून देतेय. तर पूर्ण वाचा, अर्ध्यावर टाकून मला शिव्या घालायला धावू नका.

चोरी झाली ती माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या वस्तूची. व्हर्नेल तिचं नाव. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा चौपन्नची. लग्न केलेलं नाही. आम्ही दोघी आमच्या मम्माच्या जुन्या घरात राहायचो. व्हर्नेल काही कुणी देवदूत नाही हं. बाथरूममध्ये तासभर बसते, रेडिओ मोठ्यानं लावते. पण गावात कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी ही पोचते आणि तिथून आल्यावर एक शब्द बोलत नाही. मी कुणाला नुसतं सूप नेऊन दिलं तरी आठवडाभर सांगत फिरते! आणि तिच्या हातचं पीचचं कॉबलर! लोण्यात मुरलेले पीच, त्यावर खुसखुशीत कवच, कडेला साखर जळून जरा कडक झालेली. त्या कडेसाठी आमच्या चर्चचे डीकन, मोठी मोठी माणसं, एकमेकांना कोपरानं ढकलताना मी पाहिलीत.

ती ते एकाच भांड्यात करते. पांढरं इनॅमलचं, निळ्या काठाचं, मम्माचं भांडं. खाली चिकटपट्टीवर नाव: व्ही. प्रुइट. आमच्याकडं प्रत्येक बाईच्या भांड्याखाली अशी पट्टी असते, कारण कुणाच्या घरी मयत झालं की शवपेटीच्या आधी भांडी पोचतात. चाळीस-पन्नास भांडी. दुःख ओसरलं की ज्याचं त्याचं भांडं धुऊन, पुसून, स्वतःच्या हातानं परत करायचं, आणि त्यात काहीतरी घालून. दोन लिंबं का होईनात. रिकामं भांडं परत केलं तर त्याचा अर्थ एकच, की आता तुमचं आमचं संपलं. एका रिकाम्या ताटलीवरून आमच्या गावात दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती. ताटली कुणाची होती ते आता दोघांनाही आठवत नाही, पण बोलणं नव्हतं ते नव्हतंच.

तर हॉलिस गेन्सची बायको विल्मेटा गेली तेव्हा व्हर्नेलनं याच भांड्यातून चिकन नेलं. विल्मेटा माझी मैत्रीण. तिच्यासारखा नारळाचा केक आता या जिल्ह्यात होणे नाही. हॉलिस गवत कापायची यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दरवाजाएवढा धिप्पाड, पण बोलणं असं की दिवसाला वीस शब्द पुरतात. स्वयंपाकात शून्य. अंडं उकडायलासुद्धा शेजारणीला विचारायचा.

नऊ दिवसांनी तो भांडं घेऊन आमच्या ओसरीवर आला. आत सोललेले पीकन, अक्रोडासारखेच ते, किलोभर तरी. त्या राकट बोटांनी एकेक अख्खं सोललेलं, एक तुकडा नाही.

"एवढे?" व्हर्नेल म्हणाली.

"झोप लागत नव्हती," तो म्हणाला आणि निघून गेला.

आता एवढे पीकन आल्यावर व्हर्नेल गप्प कशी बसणार? तिनं ते घालून गोड सारणाची पाय भाजली आणि अर्धी त्याच भांड्यातून त्याच्याकडं. मग भांडं परत आलं ते अंडी घेऊन. मग टोमॅटो. मग अंजीर. मग त्याच्या झाडाची नासपती. दीड वर्ष ते भांडं आमच्या घरात कधी आठवडाभर सलग राहिलं नाही. जानेवारीत झाडावर काही नव्हतं, तर हा बाबा भांडं दोन्ही हातांनी जपून धरून आला.

"नीट धरा, व्हर्नेल. आत सुऱ्या आहेत."

"सुऱ्या? कुणाच्या?"

"तुमच्याच. मिस ओडेसांकडून मागून नेल्या होत्या. धारच नव्हती हो."

"आमच्या घरात धार फक्त माझ्या जिभेला आहे," मी म्हटलं.

"तिला लावायची गरजच नाही, मिस ओडेसा," तो म्हणाला, आणि व्हर्नेल अशी हसली की तिला भिंत धरावी लागली. मम्मा अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मला ते कुठंतरी खुपलंही, खोटं कशाला सांगू?

कारण पुढचं मला दिसत होतं. ऑगस्टचा दुसरा रविवार म्हणजे आमच्या चर्चचं होमकमिंग. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, उपासना होते आणि मग ओकच्या झाडांखाली जेवण. तिथं सिमेंटची लांब टेबलं आहेत आणि प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्यांची ठरलेली. कुठलाही फलक नाही, पण चुकून कुणी दुसऱ्याच्या जागी वाटी ठेवणार नाही. बाई आपलं भांडं ज्या टेबलावर ठेवते त्या घरची ती. लग्न ठरलं की पहिल्या होमकमिंगला ती आपल्या माहेरच्या टेबलावरून भांडं उचलते आणि सगळ्या मंडळीसमोर चालत जाऊन नवऱ्याच्या घरच्या टेबलावर ठेवते. अंगठी आमच्याकडं नंतर.

मीही गेले होते. बाविसाव्या वर्षी, शेंगांचं भांडं घेऊन, माझ्या कर्टिसच्या टेबलाकडं. मान ताठ, नवी टोपी, आणि वाढायचा चमचाच विसरले! चौदा वर्षांची व्हर्नेल मागून चमचा घेऊन धावत आली, नाक वाहतंय, डोळे वाहताहेत. "ताई, चमचा! ताई, चमचा राहिला!" अख्खी मंडळी हसली. तिनं चमचा माझ्या हातात दिला आणि परत एकटीच मम्माच्या टेबलाकडं गेली. तेव्हा मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यानंतर चाळीस वर्षं ती त्याच टेबलावर. एकोणतिसाव्या वर्षी तिला पोस्टातल्या एका चांगल्या माणसानं विचारलं होतं. तेव्हा मम्माला झटका आलेला. "आधी मम्मा," ती म्हणाली. मम्मा अकरा वर्षं अंथरुणावर होती. तो माणूस ओहायोला बदली घेऊन गेला. व्हर्नेलनं त्याचं नाव पुन्हा काढलं नाही आणि मम्माला कधी जाणवूही दिलं नाही. मी तिच्या जागी असते तर रोज एकदा तरी भांडी आपटली असती. मग आमचा भाऊ गेला, मावश्या गेल्या, माझा कर्टिस गेला, मी परत माहेरी आले. प्रुइटांच्या टेबलावर आता आम्ही दोघीच.

होमकमिंगला दोन आठवडे होते. बुधवारी प्रार्थनेआधी मी चर्चच्या स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर ते भांडं; या खेपेला हातात द्यायचा धीर हॉलिसला झाला नसावा. धुऊन लख्ख. आत फक्त घडी घातलेला कागद, वर "व्हर्नेल" लिहिलेलं. मी उघडला. हो, उघडला! मला लाज वाटते, पण हात थांबला नाही.

"व्हर्नेल, होमकमिंगला तुमचं कॉबलर आमच्या टेबलावर ठेवाल का? शार्लीनला विचारलंय, तिची हरकत नाही. तुमच्या मनात नसेल तर ठेवू नका. मी समजेन आणि पुन्हा कधी विचारून तुम्हाला अडचणीत टाकणार नाही. हॉलिस."

शार्लीन म्हणजे त्याची मुलगी, अटलांटाला असते. आईवर फार जीव तिचा. तिला विचारून मग लिहिलं होतं त्यानं, एवढा सरळ माणूस. मी तो कागद दोनदा वाचला, आणि मला दिसलं ते आमचं लांबलचक टेबल आणि त्याच्या एका टोकाला मी एकटी, बटाट्याच्या सॅलडसमोर. कागद एप्रनच्या खिशात गेला. फक्त रविवारपर्यंत, मी स्वतःला म्हटलं. जरा मनाची तयारी करते आणि देते. तेवढ्यात लोक आले, मी भांडं फळीवर सरकवलं आणि पुढं जाऊन सगळ्यांत मोठ्या आवाजात गायले.

भांड्याचं माझ्या डोक्यातूनच गेलं. इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात काढली आणि इतकी साधी गोष्ट मला सुचू नये!

प्रार्थना संपल्यावर व्हर्नेल आत आली. तिला भांडं दिसलं. चेहरा उजळला तिचा. तिनं ते खाली घेतलं, आत पाहिलं. मग उलटं करून पट्टीवरचं नाव पाहिलं, आपलंच आहे ना म्हणून.

"ताई, हे कधी आलं?"

"आलं असेल संध्याकाळी," मी म्हटलं.

"रिकामं आलंय."

तेव्हाच बोलायचं होतं. तेव्हाच! माझं तोंड, जे कधी बंद होत नाही, ते शिवल्यासारखं झालं. तिनं ते भांडं घरी नेलं, स्वच्छ होतं तरी पुन्हा धुतलं आणि स्टुलावर चढून सगळ्यांत वरच्या कपाटात ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ती रडली असती तर बरं झालं असतं. चिडली असती तर त्याहून बरं. ती रोजच्यासारखी उठायची, कॉफी करायची, गल्लीच्या टोकाच्या आंधळ्या मिस यूलाला पेपर वाचून दाखवायला जायची. हॉलिस आम्हाला पाहून रस्त्याच्या पलीकडून नुसती टोपी उचलायचा. उत्तर आलं नव्हतं, आणि अडचणीत टाकणार नाही असं त्यानंच लिहिलं होतं ना! पुढच्या बुधवारी प्रार्थनेत पाळकांनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे? व्हर्नेल उभी राहिली. आजाऱ्यांची नावं घेतली आणि शेवटी म्हणाली, "आणि हॉलिस गेन्ससाठी. त्यांच्या घरात प्रभू शांती देवो." आवाज जरासुद्धा हलला नाही. ज्यानं आपलं भांडं रिकामं पाठवलं त्याच्यासाठी ती प्रार्थना करत होती. मी मान खाली घालून बसले होते आणि कागद माझ्या पर्समध्ये होता.

तरी दिला नाही. आता दिला तर चोरी कबूल करावी लागणार होती. दिवस जातील तसं ते अवघडच होत गेलं.

होमकमिंगच्या सकाळी मी उठले तर घरभर पीचचा आणि जायफळाचा वास. व्हर्नेल स्टुलावर चढून भांडं काढत होती.

"करतेयस होय? मला वाटलं, यंदा शेंगाच नेशील."

"लोक माझी कुठं वाट बघतात गं? कॉबलरची बघतात." ती खाली उतरली. भांडं ओट्यावर ठेवून म्हणाली, "ताई, एक विचारू? मी फार पुढं पुढं केलं का गं? त्यांना वाटलं असेल, विल्मेटाला जाऊन दोन वर्षं नाहीत तोवर ही मागं लागली. तसं काही माझ्या... मला फक्त बरं वाटायचं."

"तू काही चुकीचं केलेलं नाहीस," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं, बघा! बिस्किटाचं पीठ मळायचा बहाणा करून पाठ फिरवली.

उपासनेत पाळक काय बोलले, देव जाणे. मी बाहेर आले, टेबलावर कापड अंथरलं, सॅलड ठेवलं. व्हर्नेलनं कॉबलर आमच्या टेबलावर ठेवलं. मी सहज पलीकडं पाहिलं.

गेन्सांच्या टेबलावर पदार्थांची नुसती खेटाखेट. पण बरोबर मधोमध कुणीतरी स्वच्छ निळा टॉवेल चौकोनी घडी करून अंथरला होता आणि त्यावर काही ठेवलं नव्हतं. भांड्याएवढी जागा. शार्लीन कुणाच्यातरी हातातून शेंगांचं ताट घेऊन म्हणाली, "तिथं नको, मावशी. ती जागा ठेवलीय." आणि हॉलिस टेबलाच्या टोकाशी इस्त्रीच्या शर्टात उभा होता. आमच्याकडं बघत नव्हता. बघणार नाही असं ठरवून उभा असलेला माणूस दिसतो तसा.

पाळकांनी आभाराच्या प्रार्थनेसाठी हात वर केला. एकदा आमेन झालं की ताटं भरणार, आणि ती जागा रिकामी ती रिकामीच. मी पर्स उघडली.

"व्हर्नेल, हे घे."

"आत्ता? अगं, प्रार्थना..."

"प्रभू थांबेल. वाच."

तिनं वाचला. मी बोलत सुटले. "त्या भांड्यात होता. रिकामं नव्हतं आलं. मी काढून घेतला. तू गेलीस तर मी या टेबलावर एकटी उरेन, म्हणून. मी चोर आहे, व्हर्नेल. म्हातारी, स्वार्थी चोर." मी हे हळू बोलत होते असं मला वाटत होतं, पण शेजारच्या टेबलावरच्या तीन बायांनी डोळे उघडले.

व्हर्नेलनं कागदाची घडी घातली. माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा तसं पाहू नये एवढंच मी मागते.

"दोन आठवडे, ताई," ती म्हणाली. "मी रोज रात्री गुडघे टेकून विचारत होते, माझं काय चुकलं म्हणून. तू पलीकडच्या खोलीत होतीस."

"हो."

"मला तुझा इतका राग आलाय की आत्ता बोलले तर वाईट बोलेन. उद्या बोलेन."

"बोल. आजही बोल."

"आज वेळ नाही," ती म्हणाली आणि भांडं उचललं.

आमेन झालं, मंडळीनं डोळे उघडले, आणि माझी बहीण गवतावरून चालत निघाली होती. पांढरा पोशाख, चौपन्न वर्षांची, हातात मम्माचं भांडं. सगळं पटांगण बघत होतं. कुणाच्या तरी ताटातला काटा खाली पडला तो ऐकू आला. तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही, मान खालीही घातली नाही. मी बाविसाव्या वर्षी ताठ मानेनं गेले होते ती तोऱ्यात. ही तशी नव्हती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ताटात वाढून मग स्वतःसाठी एकदा चालत निघाली होती. माझा ऊर भरून आला. आणि तेवढ्यात मला दिसलं, वाढायचा चमचा आमच्याच टेबलावर!

मग काय, धावले. बासष्ट वर्षांची मी, गुडघे दुखतात, टोपी एका कानावर आलेली, चमचा हातात. "व्हर्नेल! चमचा! अगं, चमचा राहिला!"

ती थांबली. वळली. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा माझं नाक वाहत होतं आणि डोळेही. तिला आठवलं. ओठ थरथरले तिचे. पण हसली नाही, राग होताच. "तूच घेऊन ये," एवढं म्हणाली आणि पुढं चालायला लागली. मी मागून चमचा घेऊन.

हॉलिसनं टोपी काढली होती. त्या धिप्पाड माणसाची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती. शार्लीननं विल्मेटाच्या केकची काचेची बशी जराशी बाजूला केली. केक होत नाही आता, पण बशी ते दर वर्षी मांडतात. व्हर्नेलनं भांडं टॉवेलवर टेकवलं आणि आधी त्या बशीला हात लावून नमस्कार केल्यासारखी क्षणभर थांबली. शार्लीननं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"मला वाटलं, नाही म्हणालात," हॉलिस म्हणाला.

मी तोंड उघडलं. व्हर्नेल माझ्याआधी बोलली.

"कागद आजच मिळाला, हॉलिस. मागं कुठंतरी पडला होता."

त्या शेजारच्या तीन बायांनीही आजवर तोंड उघडलेलं नाही. व्हर्नेलनं त्यांना काय सांगितलं, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली. सकाळी सातपासून दुपारपर्यंत. त्यातला प्रत्येक शब्द मला लागू होता आणि तो मी इथं लिहिणार नाही. मग तिनं मला जेवायला वाढलं.

याला तीन वर्षं झाली. लग्न झालं, ती गेन्सांच्या घरी गेली. पण मी एकटी जेवेन अशी जी भीती होती ती काही खरी ठरली नाही. दर गुरुवारी हॉलिस स्वतः येतो, एका गुरुवारी ते निळ्या काठाचं भांडं घेऊन आणि पुढच्या गुरुवारी ते परत न्यायला. खालची पट्टी तिनं बदललेली नाही, व्ही. प्रुइटच आहे. गेल्या गुरुवारी तो ओसरीवर बसला आणि त्याचे दिवसाचे वीसच्या वीस शब्द खर्च करून म्हणाला, "मिस ओडेसा, ती चिठ्ठी मी उघड्यावर ठेवायला नको होती. पडली बिचारी. माझ्या चुकीनं व्हर्नेलला दोन आठवडे त्रास झाला. अजून वाईट वाटतं."

तीन वर्षं हा माणूस माझी चूक आपल्या डोक्यावर घेऊन फिरतोय, आणि तीन वर्षं माझ्या बहिणीनं मला पाठीशी घातलंय! त्या दिवशी त्यानं आणलेलं जेवण मी तसंच झाकून ठेवलं आणि लिहायला कागद काढले.

उद्या गुरुवार. भांडं धुऊन पुसून ठेवलंय. हॉलिस, कुणा परक्याला सांगावं तसं लिहिलं, कारण तुमच्या तोंडावर सांगायचा धीर नव्हता, पण ही पानं तुमच्यासाठी. घडी घालून तळाशी ठेवतेय आणि वर चार नासपती, वाऱ्यानं उडू नये म्हणून. वाचून झाल्यावर तुम्हाला पुढच्या गुरुवारी यावंसं वाटलं नाही तर मी समजेन. पण भांडं मी रिकामं पाठवलेलं नाही.